तेल नक्को, पानी डाल

ठासणीची बंदूक तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. घाटनांदूरच्या आमच्या घरात ती होती. अब्बांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. १९५९च्या शस्त्र कायद्यात अशा बंदुकीसाठी तशी तरतूदच आहे. हुरड्याच्या दिवसांत रानडुकरं ज्वारीत घुसायची. अब्बा नुसत्या दारूचा आवाजी बार काढायचे. नळी धुण्याचं काम माझं.

मी बी.ए.ला होतो. एका रात्री पाणी तापवायचा कंटाळा केला. सकाळी अंबाजोगाईची एसटी गाठायची होती. तेलाची चिंधी गजाने दोनदा नळीत फिरवली, झालं! तोंडाशी नळी छान चकाकत होती.

आठ-दहा दिवसांनी अब्बांनी दारू ठासली, टोपी चढवली, चाप ओढला. टोपी फुटली, पण बार झाला नाही. मी वाकून बघायला गेलो, तसा त्यांच्या कोपराचा तडाखा छातीत बसला. बंदूक मोकळ्या रानाकडे धरून ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. आत ठिणगी जिवंत असली तर दारू उशिरानेही पेटते. मग तोंड बाजूला ठेवून नळीत पाणी ओतलं, दारू रात्रभर भिजू दिली. सकाळी गजाच्या मळसूत्री टोकाने चिंध्यांचा बोळा ओढून काढला आणि तेव्हा कुठे बोलले, "तेल नक्को, पानी डाल."

काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे क्षार उरतात. काही धुरातून जातात, बाकीचे नळीला चिकटतात, हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. मी ती कीट झाकून ठेवली होती. तिचाच खडा टोपीखालच्या बारीक भोकात बसला होता.

भोकात लाकडी खुंटी मारली, नळी दस्त्यापासून सोडवून उभी केली, कढत पाणी भरलं. काळं पाणी निघालं, सडक्या अंड्याच्या वासाचं. जुनी कीट एका पाण्याने सुटत नाही. भरून ठेवायचं, काथ्याने घासायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. पाचव्या पाण्याला चिंधी पांढरी आली. 'ठासून सांगणं' आपण सहज म्हणतो; त्या दिवसापासून तो शब्द लिहिताना माझा हात जरा थांबतो. शेवटी सुईने भोक मोकळं केलं. नळी गरम असल्यामुळे लगेच वाळली, आणि मग कुठे तेलाचा हात.

अब्बा गेल्यावर बंदूक रीतसर जमा करायची होती. आदल्या रात्री आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग अंगणात चूल पेटवली. तीन पातेली पाणी लागलं.