जावदे तर्फे बोरद, जावदे तर्फे हवेली



आपल्या शहादा तालुक्यात जावदे नावाची दोन गावं आहेत. एक जावदे तर्फे बोरद, दुसरं जावदे तर्फे हवेली. पत्त्यात हे ‘तर्फे’ लिहायचं राहून गेलं, तर एकाचा कागद दुसऱ्याच्या दारी जायचा. व्हिडिओ गेमचे मॉड लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना मला आज नेमकं हेच सांगायचंय.

मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळणाऱ्यानं स्वतः घातलेली भर. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ सालचा गेम. त्यात मला शहादा हवं होतं. गेममधल्या शहरांची यादी ‘सिटी डॉट एसआयआय’ नावाच्या फाइलीत असते. मी ती अख्खी फाइल उचलली, खाली माझी एक ओळ लिहिली आणि माझ्या मॉडमध्ये ठेवली. झकास चाललं. मग मित्राचा मॉड सोबत लावला. त्यानं शेजारच्या धडगावसाठी तेच केलं होतं. एकाच नावाच्या दोन फायली आल्या, की गेम दोन्ही वाचत नाही; मॉडच्या यादीत जो वर, त्याची घेतो. शहादा आलं की धडगाव गायब, धडगाव आलं की शहादा गायब. रात्रभर आम्ही मॉड खालीवर करत बसलो होतो.

खरं तर मूळ फाइलीला हात लावायची गरजच नव्हती. ‘सिटी’ आणि ‘एसआयआय’ यांच्यामध्ये आपल्या मॉडचं नाव घालून छोटी वेगळी फाइल केली, की गेम मूळ यादीबरोबर तीही वाचतो. आतल्या नावांनाही आपलं ‘तर्फे’ लावायचं. तिथे एका नावाला १२च अक्षरं मिळतात, म्हणून ते आखूड हवं.

माइनक्राफ्ट या गेममध्येही असाच घोळ होई. तिथे पूर्वी प्रत्येक ठोकळ्याला नुसता आकडा असे. दोन मॉडनी एकच आकडा घेतला, की खेळणाऱ्यानं सेटिंगच्या फायली उघडून तो हातानं बदलायचा. २०१८च्या १.१३ आवृत्तीत ते आकडे गेले. आता आधी मॉडचं नाव, मग अपूर्णविराम, मग ठोकळ्याचं नाव.

रस्त्याचं मात्र अवघड आहे. ट्रकच्या गेमचा नकाशा चौकोनांत कापलेला असतो आणि चौकोनाच्या फाइलीचं नाव त्याच्या जागेवरून ठरतं. ते बदलता येत नाही. एकाच चौकोनात दोघांनी रस्ता काढला, तर एकाची कित्येक दिवसांची मेहनत पुसली जाते. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. काम सुरू करण्याआधी समोरासमोर बसून वाटणी करावी लागते. आम्ही ती उशिरा केली. वहीच्या चौकटीच्या पानावर नकाशा काढला आणि पेन्सिलीनं रेघ मारली: वाटेतल्या म्हसावदपर्यंतचे चौकोन माझे, पुढचा घाट त्याचा.

आता गेममध्ये शहाद्याहून सुटलेली आमची लाल एसटी धडगावला पोहोचते.