रनाळ्याच्या घरचा रस्सा

पुण्या-मुंबईच्या खाणावळींच्या पाट्यांवर हल्लीं 'खानदेशी रस्सा' हीं अक्षरें वारंवार दिसूं लागलीं आहेत. आंत जाऊन बसावें, तों लालभडक तेलाचा जाड थर आलेली वाटी समोर येते. पहिल्याच घांसाला डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें, आणि शेजारचा गृहस्थ मोठ्या अभिमानानें सांगतो कीं, खानदेशी म्हटलें म्हणजे तें असेंच असावयाचें! बिचाऱ्या खानदेशावर याहून मोठा अन्याय क्वचितच झाला असेल. ज्या मुलखांतून हा पदार्थ शहरांत आला, तेथें तो शाळकरी पोरापासून ऐंशींच्या आजोबांपर्यंत साऱ्या घराला एकाच पातेल्यांतून वाढला जातो. जें साऱ्या घरानें खावयाचें, तें नुसता जाळ असून कसें चालेल?

हें नीट समजून घ्यावयाचें, तर रनाळ्यासारख्या गांवीं जावें. नंदुरबार तालुक्यांतील हें गांव नंदुरबार आणि दोंडाईचा या मिरचीच्या दोन बाजारपेठांच्या टापूंत आहे. तापीच्या खोऱ्यांतून सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग याच टापूंतून जातो. पूर्वींच्या पश्चिम खानदेशांतला हा भाग. पुढें तो धुळें जिल्ह्यांत मोडत असे, आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजारांत येऊं लागतात आणि नंदुरबारच्या आसपास मोकळ्या मैदानांवर ती मिरची वाळत पडते. या वाळवणाच्या जागेस तिकडे 'पथारी' म्हणतात. थंडीच्या दिवसांत पथारीच्या कडेनें चाललें कीं, दृष्टि पोंचेल तेथवर कोणी तांबडी सतरंजी अंथरली आहे असा भास होतो. मात्र वाऱ्याची एक झुळूक आली कीं घशाला ठसका लागतो आणि हें सगळें काव्य तेथेंच संपतें. देठ खुडण्यास बसलेल्या मजूर स्त्रियांना तर हा ठसका दिवसभराचा सोबती. त्यांच्या बोटांची आग घरीं गेल्यावरही लवकर शमत नाहीं. ऐन हंगामांत अवकाळी पाऊस पडला, तर पथारीवरची मिरची काळी पडते, कुजते. व्यापाऱ्याचें नुकसान होतें, मजुरीचे दिवस बुडतात आणि पुढें वर्षाचें तिखट घरोघर महाग पडतें. वाटींतल्या लाल रंगामागें इतकें सगळें असतें.

ज्यांच्या दाराशीं मिरची वाळते त्यांना तिचें भय नसतें, पण तिचें प्रदर्शन करण्याची हौसही नसते. घरच्या रस्स्याचा खरा रंग लालभडक नव्हे. तो काळपट तांबडा. हा काळेपणा मिरचीचा नव्हे, भाजण्याचा आहे. कांदा सालासकट निखाऱ्यांत घालावयाचा आणि बाहेरचे पापुद्रे कोळशासारखे होईपर्यंत हलवावयाचा नाहीं. आंतला गर तोंवर मऊ आणि गोड होतो. सुकें खोबरें विस्तवावर धरावयाचें. त्याच्या अंगचें तेल पेटून कडा काळ्या झाल्या कीं फुंकर घालून विझवावयाचें. धणे, जिरें, तीळ, खसखस, लवंग, मिरें, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल हीं ज्याच्या त्याच्या वेळेनें, वेगवेगळीं भाजावयाचीं. खसखस आणि दालचिनी एकदम तव्यावर टाकणाऱ्या घाईखोर माणसाला एक कच्ची तरी मिळते किंवा दुसरी जळकी तरी. मिरची सर्वांच्या शेवटीं, तवा खालीं उतरल्यावर, नुसत्या त्याच्या उबेवर परतावयाची. ती जळली कीं रस्सा कडू झालाच. मग त्यास कोणताही उपाय नाहीं.

शहरांतल्या गृहिणीला मापें हवीं असतात. रनाळ्याकडची म्हातारी मापें सांगणार नाहीं. ती मूठ दाखवील. तरी पांच माणसांच्या घरापुरता हिशेब असा मांडतां येईल. बोकडाचें मटण अर्धा किलो, त्यांत खांदा, मान आणि नळी हवी; नुसते मऊ तुकडे निवडून आणणारा मनुष्य रस्स्याचा शत्रु समजावा. मध्यम कांदे तीन, सुकें खोबरें ५० ग्रॅम, लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, आल्याचा बोटभर तुकडा, मूठभर कोथिंबीर. धणे दोन चमचे, जिरें, तीळ व खसखस एकेक चमचा, लवंगा चार, मिरें आठ, दालचिनीचा लहानसा तुकडा, मसाला वेलची एक, दगडफूल चिमूटभर. सुक्या मिरच्या सहा. त्यांतल्या चार रंगाच्या आणि दोन तिखटाच्या. शेंगदाण्याचें तेल पळीभर. अर्ध्या किलोंत पांच माणसें भागतात असें म्हणण्यापेक्षां तीं भागवावीं लागतात, आणि तेंच रस्स्याचें काम.

मटण धुऊन त्यास हळद, मीठ आणि ठेंचलेल्या आल्या-लसणाचा निम्मा भाग चोळावा. पातेल्यांत चमचाभर तेलावर तें टाकून वर ताट झांकावें आणि त्या ताटांत पाणी ओतावें. ही युक्ति फार जुनी आणि फार शहाणपणाची आहे. खालची वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून पुन्हां आंत ठिबकते, म्हणून मटण अंगच्या पाण्यांत शिजतें आणि करपत नाहीं. शिवाय वरचें पाणी आपोआप तापून तयार राहतें. तेंच आंत घालावें, आणि आणखी कढत पाणी घालीत एकंदर सहा वाट्या करावें. त्यानंतर तासभर, मांस जून असेल तर दीड तासही, मंद आंच. मांसांतील शिरा व सांधे यांचा चिवटपणा ज्या द्रव्यामुळें असतो, तें द्रव्य हळूहळू विरघळून पाण्यास दाटपणा आणतें. बोटें एकमेकांस किंचित् चिकटतात तो त्याचाच गुण. मोठ्या जाळावर खळखळा उकळलेल्या मटणाला ही दाटी येत नाहीं. वरून मात्र तें दोरीसारखें होतें. कुकरांत वीस-पंचवीस मिनिटांत काम भागतें, आणि ज्या घरांत दोघेंही नोकरीस जातात तेथें तो वापरल्याबद्दल कोणी नाक मुरडूं नये. चव थोडी उणी पडेल, पण वेळेवर जेवण मिळेल.

मटण शिजलें कीं मसाला पडण्यापूर्वीं वरचें दोन वाट्या पाणी काढून ठेवावें. हें अळणी. नांव अळणी असलें तरी त्यांत मीठ असतें. नसतें तें तिखट. लहान मूल, तापांतून उठलेला मनुष्य, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, यांच्या पानांतल्या मऊ भातावर तें पडतें. शहरांतल्या खाणावळींना या वाटीचा बहुधा पत्ता नसतो, आणि घरचा रस्सा मनाला निववितो असें जें म्हणतात त्याचें निम्मे मर्म तर या वाटींत आहे.

उरलेलें काम वाटणाचें. भाजलेला सर्व जिन्नस राहिलेल्या आल्या-लसणासह पाट्यावर गंधासारखा वाटावा. यंत्रावर वाटला तर पाणी बेतानेंच घालावें. तेल तापवून त्यांत हें वाटण मंदाग्नीवर परतावें, तें कडेनें तेल सुटेपर्यंत. यास पंधरा मिनिटें सहज लागतात, आणि बहुतेकांचा धीर सातव्या मिनिटाला सुटतो. मग त्यांत मटण आणि त्याचें कढत पाणी घालून आणखी पाव तास उकळी द्यावी. थंड पाणी घालूं नये. उकळी मोडते आणि तरी वर येत नाहीं, हा जुन्या बायकांचा अनुभव आहे.

या तरीसंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण शहरी गैरसमजाचें मूळ येथेंच आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांत असतो, तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं; तेलांत विरघळतें. तिच्या तांबड्या रंगाचेंही तसेंच. म्हणून तोंड पोळल्यावर पाण्याचा तांब्या रिता केला तरी आग शमत नाहीं, आणि दोन चमचे दहीं खाल्लें तर शमते. याचाच दुसरा अर्थ असा कीं, पातेल्यांतला बहुतेक जाळ वरच्या तेलांत तरंगत असतो. वाढणारी बाई हें शास्त्राच्या भाषेंत जाणत नसेल. तिचा हात जाणतो. शेतावरून आलेल्या तरण्या गड्याला ती वरवरची तरी घेऊन वाढते. नातवासाठीं पळी तळाशीं नेऊन हळूच वर काढते. पातेलें एकच, पण दहा जणांच्या वाट्यांत दहा प्रकारचा रस्सा पडतो. खाणावळींत ही विवेकबुद्धि पळीजवळ उरत नाहीं. तेथें तरी वेगळी करून सर्वांच्या वाट्यांवर सारखीच ओततात, आणि तिलाच खानदेश म्हणतात.

गंमतीची गोष्ट अशी कीं, जिच्यावरून हा सारा गाजावाजा, ती मिरची मूळची खानदेशची नव्हे, हिंदुस्थानचीही नव्हे. ती अमेरिकेंतली. १४९२ मध्यें कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हां युरोपच्या खलाशांची तिच्याशीं पहिली गांठ पडली, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्यास लागली. बटाट्याचें नांवही त्याच बेटांवरचें. तेथील तैनो लोक रताळ्याला जो शब्द वापरीत, तोच पोर्तुगीजांच्या तोंडून मराठींत आला. त्या बेटांपैकीं सर्वांत मोठें क्यूबा. तेथल्या घरांतही थकल्याभागल्या माणसाला निवविणारा एक मांसाचा रस्सा शिजतो; त्याचें नांव 'कार्ने कोन पापास', म्हणजे सरळ मराठींत 'मटण-बटाटा'. मटण मात्र तेथें गोमांसाचें. कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची तेलावर मंद परततात. त्यांत टोमॅटो, जिरें, तमालपत्र आणि थोडें द्राक्षाचें मद्य पडतें. मग मांस आणि शेवटीं बटाटे घालून दीड-दोन तास रटरटूं देतात व पांढऱ्या भाताबरोबर वाढतात. जिऱ्याचा वास आला कीं खानदेशी मनुष्याला तें स्वयंपाकघर परकें वाटणार नाहीं. पण तिखट? तें जवळजवळ नसतेंच. ज्या बेटांवर गोऱ्या खलाशांना मिरची भेटली, तेथलीं माणसें ती सुवासापुरती खातात, आणि पुण्याचा गृहस्थ घामाघूम होऊन तिला परंपरा म्हणतो!

मांस थोडें आणि तोंडें फार, हा प्रश्न दोन्ही मुलखांत सारखाच आहे. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैलांच्याही कत्तलीस बंदी झाली. खानदेशी घरांत मटण म्हणजे बोकड, आणि त्याचा भाव ऐकून महिन्यांतून एकदां आणणारीं घरेंही बेत पुढें ढकलतात. क्यूबांत १९५९ च्या क्रांतीनंतर सरकारी परवान्यावाचून गुरें मारणें हा गुन्हा ठरला, आणि १९९१ मध्यें सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर गोमांस सामान्य घरांतून जवळजवळ नाहींसें झालें. तेव्हां मिळेल त्या मांसावर आणि कंदमुळांवर भागवावें लागलें. त्याच बेटावर कंद आणि मांस घालून शिजविलेला 'आहियाको' नांवाचा एक जुना रस्सा आहे. फर्नांदो ऑर्तिझ या विद्वानानें १९३९ मध्यें हवानाच्या विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत साऱ्या क्यूबन राष्ट्राला त्याची उपमा दिली होती. राष्ट्राचें असो; घराला ती उपमा नक्कीच शोभते.

रनाळ्याकडे मांसाची उणीव भाकरी भरून काढते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी वाटींत चुरावी, वर रस्सा घ्यावा, कांद्याची फोड तोंडीं लावावी. भाकरी रस्सा पिऊन फुगते आणि एका तुकड्यावर दोन भाकरी खपतात. ज्या घरांत मांस वर्ज्य आहे त्यांनींही हिरमुसून जाण्याचें कारण नाहीं. हेंच वाटण, हीच कृति. मटणाच्या ऐवजीं कढत पाणी, आणि पान वाढतांना वर जाड तिखट शेव. तीच शेवेची भाजी. शेव आधीं घालून उकळूं मात्र नये. तिचा लगदा होतो.

पाहुणा अवचित आला तर रस्स्यांत पाणी वाढवितात, ही गोष्ट खरी. तुकडे वाढवितां येत नाहींत. पुरुष आणि पोरें आधीं जेवतात, मग पाहुण्याचा आग्रह, आणि सर्वांत शेवटीं, दोन तास चुलीच्या धुरांत बसून ज्या बाईनें हें सगळें केलें, तिच्या ताटांत तळचा गाळ आणि एखादी चोखलेली वाटावी अशी नळी येते. तिला तळचा दाट रस्साच आवडतो, असें घरांतले लोक सांगतात. तीही तसेंच सांगते. कांहीं घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांनीं यावर एक साधी रीत पाडली आहे: पहिलें पान वाढण्यापूर्वीं सुनेच्या नांवची वाटी भरावी, तींत दोन चांगले तुकडे घालावे, आणि ती झांकून वैलावर ठेवावी. गॅसच्या शेगडीला वैल नसतो. तेथें ती झांकणाच्या डब्यांत ठेवून डबा गरम पाण्याच्या पातेल्यांत ठेवला तरी ऊब तासभर टिकते.