कल्हईतली सोयरीक



कल्हई म्हणजे भांड्याला दिलेला रंग, असे पुष्कळजणी समजतात. तसे नाही. तांबे वितळायला 1085 अंश लागतात, कथलाला 232 पुरतात. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की तांब्यावरचा काळपट मळ सुटतो. मग वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले की थोडे तांबे त्यात उतरते, आणि दोहोंच्या सांध्यावर तिसराच पदार्थ तयार होतो. त्यात तांब्याचे सहा अणू, कथलाचे पाच. हे संयुगच कल्हई धरून ठेवते. मात्र ते ठिसूळ. आच फार वेळ लागली तर तेच वाढते आणि वरचे कथील कमी उरते.

शिशाचे तांब्याशी असे संयुग होत नाही. पण कथलात मिसळले की त्याच्या आधाराने तेही चिकटते. स्वस्त म्हणून कोणी मिसळतात! चिंचेच्या आमटीतून ते मुलांच्या पोटात जाते, मेंदूला अपाय करते. कळकलेले ताक जिभेला कळते, शिसे कळत नाही. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकरते, शिसे मुकाट वाकते. थोडी भेसळ मात्र कानाला कळेलच असे नाही. म्हणून कथील आपणच खात्रीच्या दुकानातून आणावे, आणि कल्हई समोर बसून लावून घ्यावी.