मैदान, घर आणि मधले अंतर

(शालेय क्रीडाशिक्षक व पालक यांच्या सभेतील भाषण)



कबड्डीचा संघ बारा जणांचा असतो आणि मैदानात एका वेळी सातच उतरतात. सरावाला मात्र तीस-चाळीस मुले येतात. म्हणजे निवड आली, निवडीबरोबर नाराजी आली आणि ती बोलून दाखविण्याचा प्रश्नही आला. या प्रसंगी कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोण मुकाट्याने घरी जातो, हे जो नीट पाहील त्याला आपल्या समाजाची उतरंड शाळेच्या मैदानावरच दिसेल.

शहरातील सुस्थित पालक सामना चालू असताना सीमारेषेवर उभा असतो. मुलाने कितव्या क्रमांकावर फलंदाजीला जावे हे तो प्रशिक्षकाला तिथूनच सुचवितो आणि रात्री दूरध्वनी करून जाब विचारतो. शुल्क भरले म्हणजे संघातील जागाही विकत घेतली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. रोजंदारीवर जाणारी आई याच्या दुसऱ्या टोकाला. शाळेची सभा दुपारी तीनला; हजर राहायचे तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत संधिखर्च म्हणून जी कल्पना येते ती हीच, फक्त येथे ती चुलीपर्यंत पोहोचते. ती आई येत नाही. शिक्षकांच्या खोलीत मग शेरा मारला जातो, ‘या लोकांना मुलांची पर्वाच नाही.’ या ‘या लोकांना’मध्ये किती पिढ्यांचा तुच्छताभाव दडला आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

आठवीतील एखादी मुलगी सायंकाळच्या सरावाला आठवड्यातून दोनदा गैरहजर राहते. प्रशिक्षक तिला बेशिस्त ठरवून वगळतात. वस्तुतः त्या दोन दिवशी वस्तीत पाणी येते, आई कामावर असते आणि धाकटे भावंड तिच्याच ताब्यात असते. एवढे कळायला कोणत्याही संशोधनाची गरज नाही. घराच्या उंबऱ्याशी दहा मिनिटे उभे राहिले तरी पुरे. सराव सकाळी घेता येतो, किंवा त्या दोन दिवसांची सवलत देता येते. पण विचारलेच नाही तर मुलगी सुटते, आणि एकदा सुटलेली मुलगी सहसा मैदानावर परत येत नाही. हे नुकसान कोणत्याही गुणफलकावर नोंदले जात नाही.

धाराशिवची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची, खो-खोपटू सारिका काळे हिचे उदाहरण येथे ध्यानात घ्यावे. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. कित्येक वर्षे दिवसातून एकदाच जेवून खेळल्याचे तिने स्वतः सांगितले आहे. घरच्या ओढगस्तीमुळे 2016 मध्येच खेळ सोडण्याचा तिने निश्चय केला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली. प्रशिक्षकाला घरची परिस्थिती ठाऊक होती म्हणूनच हे घडू शकले. धावण्याचा वेग का मंदावला याचे उत्तर पुष्कळदा पायांत नसून पोटात असते.

दुसरे उदाहरण मध्यमवर्गीय घरातील. रमाकांत आचरेकर यांनी सचिन तेंडुलकरची शाळा बदलावी असे सुचविले, तेव्हा रमेश तेंडुलकर यांनी प्रशिक्षकाशी वाद घातला नाही की मुलाला न विचारता होकारही दिला नाही. क्रिकेटविषयी खरोखरच गंभीर असशील तरच शाळा बदल, असे समजावून त्यांनी निर्णय मुलावर सोपविला. या कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असल्याने तिचा मधला भाग विसरला जातो. मुलगा पुढे साधा कारकून झाला असता तरी वडिलांचे वागणे योग्यच ठरले असते.

प्रशिक्षकाची बाजूही पाहिली पाहिजे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक मानले. पण सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभरावर असेल तर, शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक पुरेसा ठरविला. अंशकालीन माणसाकडून पूर्णकालीन जिव्हाळ्याची अपेक्षा करणे हा शासनाचा जुना छंद आहे. तुटपुंज्या मानधनावरील हा माणूस संस्थाचालकाच्या नातवाला संघातून कसा वगळणार? त्याला संरक्षण हवे, आणि ते संघटित पालकच देऊ शकतात. तथापि याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहे, हेही मैदानावर तितकेच लागू. ‘मारा, पण घडवा’ अशी परवानगी देण्याचा अधिकार पालकालाही नाही.

एकविसाव्या कलमानुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असते. या समितीच्या विषयपत्रिकेवर खेळ क्वचितच येतो. तो आणणे आपल्या कार्यकर्त्यांच्या हातात आहे. हंगामापूर्वी एक सभा रात्री आठ वाजता, शाळेत नव्हे तर वस्तीत, भरवावी. निवडीचे निकष तेथे मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण लावलेला कागद सर्वांनाच वाचता येतो असे नाही. दुखापत झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण करणार हे तेथेच ठरावे. बाहेरगावच्या सामन्यांना मुलींसोबत कोणती शिक्षिका वा माता जाणार, हेही ठरावे. सामन्याच्या दिवशी कोणी निवडीचा विषय काढू नये. तक्रार दुसऱ्या दिवशी, खेळाडूला बाजूला बसवून नव्हे, तर सोबत घेऊन ऐकावी. परीक्षेतील खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी संघात नाव घुसडण्याची विनंती आली, तर ती सभेतच उघड करावी; आपोआप कमी होईल.

आणि ज्या आईची मजुरी बुडते तिच्याकडे निरोप्या न पाठवता प्रशिक्षकाने स्वतः जावे. चहा देऊ केला तर घ्यावा.