उर्दूची लिपी आणि यंत्राची सबब



मी भाषापंडित नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. म्हणून उर्दूच्या लिपीचा प्रश्न मी एका साध्या बाजूने मांडतो: लिपी जगवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

उर्दू लिहिली जाते ती नस्तालिक वळणात. अरबी छपाईचे नस्ख वळण बरेचसे सरळ रेषेत चालते. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून तिरपा उतरत येतो आणि शेजारच्या अक्षरानुसार अक्षराचे रूप पालटते. शिशाच्या खिळ्यांना हे नीटसे साधले नाही. म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हातांनी लिहिली जात. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने नूरी नस्तालिक सिद्ध केले, तेव्हा सुमारे २०,००० जोडरूपे घडवावी लागली. १९९४ मध्ये दिल्लीत इनपेज ही संगणक-प्रणाली तयार झाली. छपाई सुकर झाली आणि कातिबाची रोजी गेली.

पुढे इंटरनेट आले, पण इनपेजमधील मजकूर अन्यत्र वाचता येईना. वृत्तपत्रांची पाने चित्रे म्हणून चढवली गेली. चित्रातला शब्द शोधता येत नाही. मोबाइलवर सोय नव्हती, म्हणून तरुण रोमन अक्षरांत उर्दू लिहू लागले. बाजारपेठेचा हिशेब असाच असतो. ज्याची क्रयशक्ती कमी, त्याच्या अक्षराची पाळी शेवटी. गूगलने नस्तालिक टंक २०१४ साली खुला केला. अ‍ॅपलच्या फोनवर उर्दूसाठी नस्तालिक २०१७ साली आले. म्हणजे यंत्राची सबब आता उरलेली नाही.

मग लिपी वाचली काय? उत्तरासाठी आपल्याच घरात पाहू. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, परंतु त्यामुळे मोडी वाचणारे वाढले नाहीत. ती शाळेतून गेली आणि मराठी भाषा जिवंत राहूनही आपले शतकांचे दप्तर आपल्यालाच मुके झाले. आज जमिनीचा जुना कागद वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

उर्दूचे तसे होऊ नये. रेख्ता संस्थेच्या संकेतस्थळावर गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत वाचता येते, हे स्वागतार्हच आहे. मात्र देवनागरीतून गझलेचा आस्वाद घेणाऱ्या नातवाला आजोबांचे पत्र वाचता येत नसेल, तर वारसा अर्धाच हाती आला.

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिले, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तो फलक वैध ठरवला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट केले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख होते. मराठीच्या खाली उर्दूची एक ओळ आल्याने मराठीचे काय उणे झाले?

लिपी ही रस्त्यावरच्या दिव्यासारखी सार्वजनिक वस्तू आहे. तिचा उजेड सर्वांना मिळतो, पण एकट्याने तेल घालायला कोणी पुढे येत नाही. कळफलक कंपन्या देतील. पण शाळेतला शिक्षक, वाचनालयातले पुस्तक आणि चौकातला फलक समाजानेच द्यावा लागेल. आपण हा खर्च नाकारला, तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.