मोंतोने : पराक्रमाखालची जमीन



पत्रिकेवर विषय छापला आहे, 'इटलीतील एका खेड्याचा भूगोल'. मघाशी दारातच एका आजोबांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, आमच्या गावचे रस्ते धड नाहीत, इटलीचं खेडं घेऊन काय करू?" (हशा) प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. आपल्या माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच खेड्याच्या परिसरात धारातीर्थी पडले. पुतळ्याला आपण हार घालतो, भाषणं करतो. पण ते ज्या जमिनीवर लढले तिच्याबद्दल आपल्याला चार वाक्यं सांगता येत नाहीत. मी वर्गात सांगत आलो तेच इथे सांगतो : जमीन सांगितल्याशिवाय पराक्रम सांगता येत नाही. चढ किती होता, आडोसा कुठे होता, हे कळलं की मग शौर्य कळतं. नाहीतर ती नुसती स्तुती होते.

इटलीचा बुटासारखा आकार, मधून गेलेली आपेनाइन्सची रांग, हे तुम्ही सातवी-आठवीत शिकला आहात. पुढे जाऊ.

मागच्या नकाशाकडे बघा. ज्यांना दिसत नाही त्यांनी पुढे या, पहिली रांग पाहुण्यांची वाट बघत रिकामीच आहे. (हशा) ही निळी रेघ टायबर. रोमची म्हणून जगाला माहीत असलेली नदी, पण इथे ती अजून डोंगरातून नुकतीच उतरलेली आहे. मोंते फुमायोलोवर १,२६८ मीटर उंचीवर उगम, एकूण लांबी ४०५ किलोमीटर. उम्ब्रिया प्रांतात ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वेकडून कार्पिना नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. त्या संगमाच्या वर तपकिरी रेषांची दोन छोटी बंद वर्तुळं आहेत, ती बोटाने दाखवतो. या दोन जोडटेकड्या. एकीवर संत फ्रान्सिसचं चर्च, दुसरीवर पडलेल्या किल्ल्याची जागा. हेच मोंतोने. उंची ४८२ मीटर. नदीचा काठ अडीचशे मीटरच्या आसपास. म्हणजे खालच्या शेतातून वेशीपर्यंत सव्वादोनशे मीटरचा चढ.

वस्ती सोळाशेच्या आसपास, क्षेत्र सुमारे ५१ चौरस किलोमीटर. तिकडे एवढ्याशा गावालाही स्वतःची नगरपालिका आणि निवडून आलेला महापौर असतो. पण सगळी माणसं टेकडीवर राहत नाहीत, हे लक्षात घ्या. उम्ब्रियात कित्येक शतकं जमीन अर्धेलीने कसली जायची. मालक गावात किंवा शहरात, आणि कुळाचं अख्खं कुटुंब शेतावरच. म्हणून उतारावर, धारेवर, जिथे शेत तिथे एकेक दगडी घर. खाली गोठा, वर माणसं, भिंती जाडजूड. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. त्याच्या आधीपासूनच पोरं कारखान्यांकडे निघाली होती. घरं ओस पडली, आता त्यांतली बरीच पर्यटकांसाठी सजली आहेत. ही सुटी दगडी घरं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता ब्राच्चो. दोनच मिनिटं घेतो. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, ऊर्फ ब्राच्चो दा मोंतोने, इथल्या फोर्तेब्राच्चो घराण्याचा सर्वांत नावाजलेला माणूस. पैशावर फौज घेऊन लढणारा सेनापती, १४१६ मध्ये पेरुजाचा धनी झाला, १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईनंतर गेला. लढाया सोडून द्या, मला तो आवडतो एका बोगद्यासाठी. पेरुजाजवळ त्रासिमेनो नावाचं मोठं, उथळ सरोवर आहे. त्यातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारी नदीच नाही. पाऊस जास्त झाला की पाणी काठच्या शेतांत घुसायचं. ब्राच्चोने डोंगराच्या पोटातून पाट खणून जादा पाणी बाहेर काढलं. तलवारबहाद्दर खूप झाले हो, पण पाणी कुठे तुंबतं आणि कुठून काढता येतं हे पाहणारा विरळा! त्याचा मोंतोनेचा किल्ला पुढे १४७८ मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसच्या हुकमाने पाडला गेला. ती हकिगत मोठी रंजक आहे… अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. (हशा) ठीक आहे, किल्ला राहू द्या. ज्यासाठी आलो ते सांगतो.

४ जून १९४४ ला रोम पडलं. जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या, पण उगाच पळत नव्हत्या. मागे गॉथिक लाइनची तटबंदी पुरी व्हायला त्यांना वेळ हवा होता. २० जूनला पेरुजा गेलं. भारतीय दहावी डिव्हिजन टायबरच्या खोऱ्यातून वर सरकू लागली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नदीचं खोरं म्हणजे सरळ वाट. नकाशा नीट वाचा. दोन्ही बाजूंनी ओढे येतात आणि दोन ओढ्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड नदीपर्यंत उतरते. उत्तरेकडे जाणाऱ्याला प्रत्येक सोंड आडवी येते. एक जिंकली की ओढा, ओढा ओलांडला की पुढची सोंड, आणि वरून बघणारा शत्रू. त्या धारांवर ती जाड भिंतींची घरं. आता कळलं, ती ध्यानात ठेवायला का सांगितलं?

आणि महिना जुलै. आपल्याकडे भर पावसात लावणीची घाई. तिकडे कोरडा उन्हाळा आणि पंधरा तासांचा उजेड. आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ दोन तास जास्त. अंधाराचा आडोसा तेवढा कमी.

अशा मुलखात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले बावीस वर्षांचे नाईक घाडगे आपली तुकडी घेऊन चढाईला गेले. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. ते एकटे सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते थांबले नाहीत. हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. (टाळ्या)

टाळ्या त्यांना. पण कुणी म्हणेल, "सर, भूगोलाच्या नावाखाली वीरगाथाच सांगितलीत." नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा. डोंगर आणि वरकस जमीन त्याला परकी नव्हती. परका होता तो मुलूख आणि त्याच्या आडवाटा. तो मुलूख समोर मांडला नाही, तर तुकडी पडल्यावर एकट्याने पुढे धावणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना कसं उमगणार?

वेळ संपली आहे. मोंतोनेकरांनी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ आपल्या गावात सूर्यघड्याळ उभारलं. सोळाशे वस्तीच्या गावाने आपल्या माणसाची आठवण ठेवली. आपण त्यांचा भूगोल शिकून परतफेड करू. माझी मागणी साधी आहे : माणगावच्या पुतळ्याशेजारी मोंतोनेच्या डोंगररांगांचा उठावाचा नकाशा बसवा, आणि दर १० जुलैला तालुक्यातल्या शाळांतून तो मुलांच्या हातून मातीत घडवून घ्या. माती फुकट आहे, समोच्च रेषांचा नकाशा मी देतो. शिक्षकांनी आज जाण्यापूर्वी नावं नोंदवावीत.