मोजमाप
(गतवर्षीच्या उत्सवातील भाषण)



समितीने मला विषय दिला, 'राजकीय भ्रष्टाचार आणि समाज'. मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळाशी आयुष्य बांधलेला माणूस. म्हणून रुळाच्याच भाषेत बोलतो.

भ्रष्टाचाराचे मूळ निवडणुकीच्या खर्चात आहे. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले, ते सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. जो पैसा लावतो, तो वसूल करणारच. पुढारी ठेकेदाराकडून, ठेकेदार कामातून. शेवटी कमी पडते ती गिट्टी!

नोकरीच्या सुरुवातीला गिट्टीचे ढीग मोजत असताना मला एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला, "आपल्या माणसाचे बिल अडवू नका." मी दहा ढीग मोजले आणि बाकीच्यांवर न मोजताच सही केली. पैसा घेतला नाही, पण घाबरलो. पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी रूळ बसला. गाड्या ताशी ३० किलोमीटरने सोडाव्या लागल्या. देवकृपेने अपघात झाला नाही. पण भर पावसात रात्रभर पॅकिंग केले ते ट्रॅकमननी. सही माझी, भिजले ते. समाजावरचा परिणाम म्हणतात तो हाच. खाणारा वर असतो, भोगणारा खाली.

तेव्हा मला सत्येंद्र दुबे आठवले. आयआयटी कानपूरचा हा तरुण अभियंता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर होता. त्याने निकृष्ट कामाची तक्रार थेट पंतप्रधानांकडे केली, नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याची गोळ्या घालून हत्या झाली. तपासात तो लुटीचा प्रकार ठरला, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण अशा तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये होऊनही वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही.

प्रत्येकाने दुबे व्हावे, असे मी म्हणणार नाही. मलाही जमले नाही. पण त्या पावसाळ्यापासून न मोजता मी सही केलेली नाही. बदल्या झाल्या, सौ.ने सामान बांधले, मुलांच्या शाळा बदलल्या. एवढे आपल्याला झेपते.

आपल्या हाती २००५ चा माहितीचा अधिकार आहे, मत आहे. आणि सवयही आहे! आपले मंडळ दरवर्षी वर्गणीचा पै-पैचा हिशेब याच स्मरणिकेत छापते. अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव त्यात असते. जो हिशेब आपण बाप्पासमोर ठेवतो, तो सरकारकडे मागायला लाजायचे कशाला?

गणपती बाप्पा मोरया!